एकदा मोजून काय कळतं, डॉक्टर? हृदय, बीपी आणि शुगरच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मी मेडिसिनची ओपीडी बघतो आणि त्यातून वेळ चोरून हृदयविकार, बीपी आणि शुगर यांवर संशोधन करतो. आमच्या संशोधन गटातली मुलं-मुली टेप, वजनकाटा आणि बीपीचं मशीन घेऊन अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल अशा भागांत घरोघर जातात. त्यांना दारात जे विचारलं जातं आणि मला ओपीडीत जे विचारलं जातं, ते बरंचसं एकच असतं. रोज तेच सांगून घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवलंय. प्रश्न लोकांच्या तोंडचे आहेत, मी फारसे सुधारलेले नाहीत.

डॉक्टरसाहेब, तुम्ही नक्की कशाचे डॉक्टर? हार्टचे की शुगरचे?

दोन्हींचा, आणि थोडा किडनीचा, थोडा लिव्हरचाही. मेडिसिनचा डॉक्टर म्हणजे चाकू न चालवणारा. छातीत दुखतंय म्हणून एकीकडे फाईल, शुगर वाढली म्हणून दुसरीकडे, पायाला सूज आली म्हणून तिसरीकडे, अशा तीन फायली घेऊन माणूस येतो तेव्हा त्या एकत्र वाचणं हे माझं काम. फायली तीन असल्या तरी रक्तवाहिन्या त्याच असतात.

हे दुखणं एकाच मुळाचं असावं, ही कल्पना १९८८ साली जेराल्ड रीव्हन या अमेरिकी डॉक्टरांनी नीट मांडली. इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, आणि त्यातून साखर, चरबी, बीपी सगळंच हळूहळू बिघडतं. आज याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. त्यात पाच गोष्टी बघतात: कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत ४०च्या आणि बायकांत ५०च्या खाली, आणि बीपी १३०/८५ किंवा वर. पाचातल्या तीन सापडल्या की झालं. यातली एकही दुखत नाही, हीच खरी अडचण. यंत्रमागावर एक धागा तुटला की माग थांबतो आणि कामगाराच्या लक्षात येतं. शरीराचा माग थांबत नाही, कापड बिघडत जातं तरी खडखड चालूच.

आम्ही तर बारीक आहोत. आम्हाला कशाला शुगर होईल?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर दोघे सारखे, आत मात्र एकाकडे स्नायू आणि दुसऱ्याकडे चरबी. आपलं भारतीय शरीर असं फसवं आहे. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हे चित्र आपल्या गल्लीत किती दिसतं ते आठवून बघा.

म्हणूनच आपल्यासाठी मापं वेगळी धरतात. बीएमआय २३ झाला की सावध व्हायचं, २५ म्हणजे लठ्ठपणा. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर ही रेषा. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत देशभरातले १ लाख १३ हजारांहून जास्त लोक तपासले गेले. २०२३ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत वजनाच्या हिशेबाने लठ्ठ २८.६ टक्के निघाले, पण पोटाच्या घेराच्या हिशेबाने ३९.५ टक्के. मधला जो फरक आहे, तीच माणसं ‘आम्ही तर बारीक’ म्हणणारी. त्याच पाहणीत मधुमेह ११.४ टक्के आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी १५.३ टक्के होते.

मग कमरेला टेप नेमकी कुठे लावायची? पँटचा नंबर चालेल?

नाही चालणार. पँट पोटाच्या खाली सरकत जाते आणि नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो, हे मला स्वतःच्या कमरेवरून माहीत आहे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ हाताने चाचपायचा, दोघांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सहज सोडून मोजायचं. पोट आत ओढायचं नाही. साडीच्या गाठीवरून मोजलं तर दोन-तीन सेंटिमीटर उगाच वाढतात, म्हणून आमच्या ताई घरात जाऊन, दार लोटून मोजतात.

माझ्या शुगरचा माझ्या आईच्या खाण्याशी काय संबंध? तुमच्या फॉर्मात तसा प्रश्न आहे.

आहे, आणि तो मुद्दाम आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ साली गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साधारण साडेतीन किलोची. पण त्वचेची घडी चिमट्यात धरून मोजली तेव्हा दिसलं की आपल्या बाळांचं स्नायूंचं वजन कमी भरतं, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून असते. म्हणजे बारीक आणि तरी चरबीचं, हे आपण पोटातूनच घेऊन येतो. तिथल्याच मुलांना सहाव्या वर्षी तपासलं तेव्हा असंही दिसलं की ज्या आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांची मुलं इन्सुलिनला कमी दाद देत होती.

हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांमध्ये मोठेपणी साखरेचा बिघाड जास्त दिसला. हे वाचलं की मला आपला बहात्तरचा दुष्काळ आठवतो. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी, मिलोची लाल ज्वारी. त्या वेळी पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून माझ्या समोरच्या बाकावर बसते. तिच्या जन्माच्या वेळचं वजन कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी दुष्काळावर थेट बोट ठेवत नाही. पण फॉर्मात तो प्रश्न ठेवतो.

संशोधन म्हणजे आमच्यावर औषधाचे प्रयोग करणार?

हा संशय रास्त आहे, विचारायलाच पाहिजे. आमचं बहुतेक काम नुसतं बघण्याचं आहे: मोजायचं, लिहायचं, पुढच्या वर्षी परत मोजायचं. त्यात तुमच्या औषधाला आम्ही हात लावत नाही.

औषधाची चाचणी असेल तर तिचा कायदा वेगळा. २०१९च्या नियमांप्रमाणे आधी नीतिसमितीची परवानगी लागते. त्या समितीत किमान सात माणसं असतात, त्यात एक कायद्याचा जाणकार, एक बाहेरचा सर्वसामान्य माणूस, आणि अध्यक्ष त्या संस्थेचा नसलेला. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत पहिल्या रुग्णाआधी करावी लागते. ती नोंदवही कुणीही मोबाईलवर उघडून बघू शकतो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई देणं बंधनकारक. आणि संमतीपत्र तुमच्या भाषेत हवं. सोलापुरात याचा अर्थ मराठी, तेलुगू आणि कन्नड, तिन्ही. वाचता येत नसेल तर आमच्या गटाबाहेरचा साक्षीदार समोर बसवून वाचून दाखवायचं, मग अंगठा.

सही केल्यावरही कधीही ‘आता नको’ म्हणता येतं. कारण द्यावं लागत नाही, आणि त्याने ओपीडीतल्या उपचारात तिळमात्र फरक पडत नाही. एका चाचणीत एक आजोबा तिसऱ्या भेटीला म्हणाले, ‘मला तुमचा जिना चढवत नाही.’ त्यांचं नाव कमी केलं. नंतर आम्ही तपासणी तळमजल्यावर आणली, हे आधीच सुचायला हवं होतं.

काहींना खरी गोळी, काहींना कोरी. ही फसवणूक नाही का?

सांगून केली तर नाही. कोरी म्हणजे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळणार हे भिशीच्या चिठ्ठीसारखं ठरतं. मीही ठरवत नाही, मला कळतही नाही. कारण मला कळलं तर मी आवडत्या पेशंटला खरी गोळी देईन आणि त्याला बरं वाटतंय असं लिहीन. मन असंच असतं.

याचा उपयोग काय ते एका उदाहरणाने सांगतो. १९९४ साली ‘फोर एस’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ लोक, निम्म्यांना कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन गोळी, निम्म्यांना कोरी. साधारण साडेपाच वर्षांनी कोऱ्या गोळीवाल्यांपैकी शंभरातले १२ गेले होते, खऱ्या गोळीवाल्यांपैकी ८. बाकीचे ८८ जण गोळीशिवायही जगलेच असते, आणि ८ जण गोळी घेऊनही गेले. मधले जे चार वाचले, ते कोण हे डोळ्यांनी कधीच दिसत नाही. त्यामुळे ‘मी गोळी घेऊन मला काही फरक वाटला नाही’ हे अगदी खरं असतं, आणि तरीही गोळी बंद करायला ते कारण पुरत नाही.

मला शुगर नाही. मग हार्टच्या डॉक्टरांनी शुगरची गोळी का लिहिली?

चुकून लिहिलेली नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकायला बनवल्या. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीत मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेल्यांमध्ये हृदयाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले, तेव्हा सगळेच चकित झाले. मग २०१९ साली डापाग्लिफ्लोझिन हृदय कमजोर झालेल्या ४,७४४ लोकांना देऊन बघितली. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना मधुमेह नव्हताच, तरी फायदा झाला. मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे संपलं आणि भाव खाली आले. त्याआधी मी ही चिठ्ठी लिहिताना दोनदा विचार करत असे.

एक काळजी घ्या. या गोळ्यांवर असताना आषाढीचा कडक उपवास, किंवा उलट्या-जुलाब होऊन पोटात काही न ठरणं, यात धोका असतो. वारीला निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. लघवीच्या जागी खाज सुटली तर लाजून गप्प बसू नका.

आम्ही चपाती सोडून ज्वारीची भाकरीच खातो. तरी शुगर कशी?

कारण भाकरी हेही धान्यच. आपली मालदांडी मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन, तिचा अभिमान मलाही आहे. पण साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत चाळीसेक ग्रॅम पिष्ट असतं. गव्हापेक्षा तिचा चोथा बरा, चावायला वेळ लागतो, कडक भाकरी तर आणखी वेळ घेते, एवढा फायदा नक्की. पण तीन भाकऱ्या आणि वर भाताचा ढीग घेतला तर ज्वारी बिचारी काय करणार? एक भाकरी कमी करून त्या जागी डाळ, मटकी, पालेभाजी वाढवा. भाकरी सोडा असं मी सोलापुरात म्हणत नाही, मला इथेच राहायचं आहे.

आणि शेंगा चटणी?

शेंगदाण्याबद्दल काही तक्रार नाही. मिठाबद्दल आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून. चटणी, लोणचं, पापड, वर ताकात चिमूटभर, अशी बेरीज एकदा कागदावर करून बघा.

मी विडी ओढत नाही, फक्त वळते. मला कशाला विचारता?

अक्का, तुम्हालाच आधी विचारतो. मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका जागी बसणं हे एक. हजार विड्या पुऱ्या केल्याशिवाय मजुरी जमत नाही, म्हणून उठणं नाही, पाणी पिणं कमी. दुसरं, तंबाखूची धूळ. ती श्वासातून जाते आणि निकोटीन कातडीतूनही शिरतं. निकोटीनने नाडी वाढते, बीपी वाढतं. तिसरं, मिशरी. ‘तंबाखू खाता का’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, आणि ‘दात कशाने घासता’ विचारलं की मिशरीची डबी निघते. हे आम्हाला आमच्याच एका फिल्डवरच्या मुलीने शिकवलं, तिची आई विडी वळते. तेव्हापासून फॉर्मातला प्रश्न बदलला.

तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी केली की बाकी काही लागत नाही ना?

एचबीएवनसी चांगली तपासणी आहे. ५.७च्या खाली ठीक, ६.५ किंवा वर मधुमेह. पण ती मोजते ते हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. लोह कमी असेल तर आकडा खोटाच वर जातो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटाच खाली येतो. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं इतकं नेहमीचं आहे की नुसत्या या आकड्यावर मी कुणाला मधुमेही ठरवत नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघतो, हिमोग्लोबिन बघतो.

घरी बीपी बरोबर येतं, तुमच्याकडे आलं की वाढतं. कुठलं खरं?

दोन्ही खरी, पण एकेकटं कुठलंच पुरेसं नाही. दवाखान्यात भीतीने वाढणारं बीपी असतं तसं उलटंही असतं: दवाखान्यात शांत, आणि रात्रपाळीला मागाच्या खडखडाटात वर. हे दुसरं जास्त घातक, कारण ते सापडतच नाही. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, बोलायचं नाही. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. दोन-तीनदा मोजून सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ या रेषा. शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून, गप्पा मारत घेतलेला आकडा मी वहीत लिहू देत नाही. त्यावरून मुलांशी माझं भांडणही होतं.

उन्हाळ्यात बीपी उतरतं. गोळी बंद करू?

स्वतःहून नाही. मे महिन्यात सोलापूर ४३-४४ अंशांवर जातं, घामावाटे पाणी-मीठ जातं आणि बीपी खरंच थोडं उतरतं. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं होत असेल तर आठवडाभराचे घरचे आकडे लिहून आणा, डोस कमी करू. पावसाळा लागला की परत या. ही दुसरी फेरी लोक विसरतात.

पित्त झालंय की ऍटॅक, कसं ओळखायचं?

घरी ओळखायचं नाही, ईसीजीने ओळखायचं. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणं, दरदरून घाम, जीव घाबरणं यातलं काहीही काही मिनिटांत थांबत नसेल तर सोडा पीत बसू नका, १०८ला फोन करा. बायकांत आणि मधुमेह्यांत छातीत दुखतच नाही असंही होतं; नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं. गुठळी फोडायचं इंजेक्शन पहिल्या बारा तासांत देता येतं, पण जेवढं लवकर तेवढा हृदयाचा स्नायू वाचतो. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या गावातून निघताना ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द फार महाग पडतात.

नुसतं चालून काय होणार?

चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ लोक घेऊन हेच बघितलं. निकाल २००६ सालचा. काहीच न केलेल्यांपैकी तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. खाणं सुधारून रोज चालणाऱ्यांपैकी ३९ जणांना. शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीनेही जवळजवळ तेवढाच फायदा, आणि दोन्ही एकत्र करून जास्तीचं काही मिळालं नाही. तेव्हा पहाटे कंबर तलावाकडे निघा. नाव तरी किती योग्य आहे.

मला काही झालेलं नाही. मग दर वर्षी दारात कशाला येता?

म्हणूनच येतो. १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावात ५,२०९ धडधाकट माणसांची तपासणी सुरू झाली, दर दोन वर्षांनी, मग त्यांच्या मुलांची, मग नातवंडांची. तेव्हा मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत की वयाबरोबर बीपी वाढणारच, त्यात काय. कोण पुढे आजारी पडतं हे वर्षानुवर्षं बघितलं, तेव्हा कुठे कळलं की बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हे आधीच इशारा देत असतात. आजारी पडल्यावरच माणूस तपासला असता तर हे कधी कळलंच नसतं. पण ती माणसं गोरी होती, त्यांच्या आकड्यांवरून आपल्या पद्मशाली गल्लीतल्या माणसाचा धोका जसाच्या तसा काढता येत नाही. म्हणून तुमचं दार. एका वर्षी मोजलं तर फक्त फोटो मिळतो. दहा वर्षं तोच माणूस मोजला तर त्याचं काय होत गेलं ते दिसतं. त्यामुळे घर बदललं, नंबर बदलला तर एवढं कळवा. आमच्या वहीतलं सगळ्यात महागडं पान म्हणजे ‘पत्त्यावर सापडले नाहीत’.

यात मला पैसे मिळतात? माझी माहिती विकता का?

पैसे मिळत नाहीत. जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी नियमाप्रमाणे देतो. रिपोर्ट तुमच्या हातात देतो, त्यात गडबड दिसली तर फोन करतो. माहितीवरून नाव काढून आकडा टाकला जातो, नावांची यादी वेगळ्या कुलपात असते. औषध कंपनीचा पैसा असेल तर तो संमतीपत्रात लिहिलेला असतो. लिहिला नसेल तर सही करू नका, माझ्याच कागदावर असला तरी.

तपासणी कधी ठेवता? गड्ड्यात चालेल?

जानेवारीत गड्डा यात्रा असते तेव्हा शक्यतो ठेवत नाही. तिळगूळ, पोळ्या आणि यात्रेतली भजी यांच्या आठवड्यात आलेले आकडे तुमचे कमी आणि यात्रेचे जास्त असतात. शिवाय आमची मुलंही तिकडेच असतात.

उपाशी यायचं म्हणजे चहासुद्धा नाही?

चहा नाही, दूध नाही, मिशरी आणि तंबाखूही नाही. रात्री जेवून आठ-दहा तास झालेले हवेत. साधं पाणी भरपूर प्या, शीर लवकर सापडते. बीपीची गोळी नेहमीसारखी घ्या, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ नका, सोबत आणा आणि रक्त दिल्यावर खाण्याबरोबर घ्या. रक्त दोन चमचे जातं, त्याने अशक्तपणा येत नाही. चहा नंतर आम्ही देतो. साखरेचा की बिनसाखरेचा, ते रिपोर्ट येईपर्यंत तुम्हीच ठरवा.